ऑटोथ्रस्ट चालू असताना पायलटचा हात लिव्हरवर का असतो?

प्रश्न असा: घाटकोपरच्या गच्चीवरून मुंबईत उतरणारी विमानं पाहताना, विशेषतः पावसाळ्यात, इंजिनाचा आवाज सारखा चढतो-उतरतो. हे पायलट करतो की यंत्रणा? यंत्रणा करत असेल तर ती गाडीचा वेग आपोआप टिकवणाऱ्या क्रूझ कंट्रोलसारखीच झाली. मग पायलट लिव्हरवर, म्हणजे इंजिनाचा जोर ठरवणाऱ्या दांड्यावर, हात ठेवून का बसतो?

आवाजाचं उत्तर सोपं आहे. बहुतेक वेळा तो चढउतार यंत्रणाच करत असते; इंजिनाचा जोर, म्हणजे थ्रस्ट, आपोआप कमी-जास्त करणाऱ्या या यंत्रणेचं नाव ऑटोथ्रस्ट. क्रूझ कंट्रोलची तुलना मात्र अर्धीच बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्यातच सगळी गोम आहे.

खंडाळ्याचा घाट उतरताना उतार किती हे रस्ता ठरवतो, चालकाच्या हाती फक्त इंजिन आणि ब्रेक. विमानात उतारही पायलट ठरवतो. नाक खाली केलं की वेग वाढतो, वर केलं की घटतो. म्हणजे वेग दोन ठिकाणांहून सांभाळता येतो: इंजिनाने किंवा नाकाने. विमानाला ठरलेल्या रेषेवरून जायचं असेल (समतल उड्डाण, किंवा धावपट्टीकडे येणारी तीन अंशांची उतरण) तर नाक त्या रेषेला बांधलेलं असतं आणि वेगाची जबाबदारी इंजिनावर येते. उलट, वर चढताना इंजिन क्लाइम्ब थ्रस्टवर (चढण्यासाठीच्या ठरावीक जोरावर) किंवा खाली उतरताना आयडलवर (सगळ्यात कमी जोरावर) स्थिर ठेवलं, तर वेग नाकाने सांभाळावा लागतो.

ऑटोथ्रस्ट ही दोन्ही कामं करते. पहिल्या प्रकारात ती वेगाचा पाठलाग करते. दुसऱ्या प्रकारात ती इंजिन एका जागी धरून ठेवते आणि वेगाकडे बघतसुद्धा नाही. दोन्ही वेळा ती ‘चालू’च असते. त्यामुळे ती चालू आहे का, या प्रश्नाला कॉकपिटमध्ये फारसा अर्थ नाही. आत्ता वेग कोण सांभाळतंय, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर पायलटसमोरच्या पडद्याच्या माथ्यावर, एफएमए नावाच्या अरुंद पट्टीत लिहिलेलं असतं. एअरबसमध्ये पहिल्या रकान्यात ‘स्पीड’ किंवा ‘माक’ (ध्वनीच्या वेगाच्या तुलनेत मोजलेला वेग) असेल तर वेग इंजिन सांभाळतंय; ‘थ्रस्ट क्लाइम्ब’ किंवा ‘थ्रस्ट आयडल’ असेल तर नाक. या पट्टीतला प्रत्येक बदल मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने तो तपासायचा, ही शिस्त त्यासाठीच आहे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. नाकाचा मोड बदलला की थ्रस्टचा मोड आपोआप बदलतो. ऑटोथ्रस्टला कोणी हात लावलेला नसतो, तरी तिचं काम बदललेलं असतं.

मुंबईत दिवसभर दिसणाऱ्या विमानांत एअरबस ए-३२० कुटुंबातली विमानं सर्वाधिक, म्हणून आधी तिथली रचना. दोन थ्रस्ट लिव्हर आणि त्यांच्या मार्गात ठरावीक खाचा: तळाला आयडल, मग क्लाइम्ब, त्यापुढे फ्लेक्स (टेक-ऑफचा मुद्दाम कमी केलेला जोर), आणि शेवटाला टोगा, म्हणजे पूर्ण जोर. आयडलच्या मागे रिव्हर्स, म्हणजे उतरल्यावर थांबण्यासाठीचा उलटा जोर. खाचेत बसताना लिव्हरचा खटका हाताला जाणवतो. उड्डाणानंतर लिव्हर क्लाइम्बच्या खाचेत आणले की ते उतरेपर्यंत तिथेच राहतात. इंजिन कितीही वर-खाली झालं तरी लिव्हर हलत नाहीत. लिव्हर म्हणजे इथे आज्ञा नसून मर्यादा: ‘आयडलपासून इथपर्यंत तू वापर.’ दोन्ही इंजिनं चालू असताना ही मर्यादा क्लाइम्बपर्यंत. एक बंद पडलं तर उरलेल्याचा लिव्हर पुढच्या खाचेत, कमाल अखंड थ्रस्टपर्यंत नेता येतो.

बोइंगमध्ये या यंत्रणेला ऑटोथ्रॉटल म्हणतात. तिथे लिव्हरला छोट्या मोटरी जोडलेल्या असतात आणि यंत्रणा लिव्हरच हलवते. हाताखाली लिव्हर मागे सरकला की न बघता कळतं. कोणतं चांगलं यावर वैमानिक तासन्‌तास वाद घालू शकतात. हाताला मिळणारी खबर ही बोइंगची खरी जमेची बाजू आहे, यात शंका नाही. पण लिव्हर हलतात म्हणून अपघात टळतात असं मात्र इतिहास सांगत नाही. पुढे येणाऱ्या अपघातांपैकी तीन बोइंगचेच आहेत.

आता गच्चीवरचा आवाज. धावपट्टी २७ कडे येणारं विमान घाटकोपर-कुर्ल्यावरून जातं तेव्हा ते शेवटच्या काही शे फुटांत असतं. चाकं आणि फ्लॅप (कमी वेगातही विमान उचलून धरणाऱ्या पंखांच्या पट्ट्या) बाहेर, ऑटोथ्रस्ट ‘स्पीड’ मोडमध्ये. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून, म्हणजे बऱ्यापैकी समोरून आणि झोक्याझोक्याने येतो. एअरबस इथे एक खास हिशेब करते. समजा फ्लॅप पूर्ण असताना विमानाचा किमान ठरलेला वेग १३० नॉट आहे आणि धावपट्टीवर समोरून १० नॉट वारा आहे. उतरण्याचा वेग ठरवताना त्यात ५ नॉट किंवा समोरच्या वाऱ्याचा एक तृतीयांश, यांतलं जे जास्त ते मिळवतात, पण १५ पेक्षा जास्त नाही. इथे तो होतो १३५. म्हणजे धावपट्टीवर पोचताना जमिनीसापेक्ष वेग १२५ असेल. यंत्रणा म्हणते, संपूर्ण अंतिम टप्प्यात जमिनीसापेक्ष वेग या १२५ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. हजार फुटांवर समोरून ३० नॉट वारा असेल, तर मूळ हिशेबाप्रमाणे लक्ष्यवेग १५५ होतो. वारा अचानक पडला तर गमवायला २० नॉटांची पुंजी हातात राहते. नव्या विमानांत हा हिशेब थोडा सौम्य केला आहे, पण तत्त्व तेच. झोका आला की लक्ष्यवेग वर, इंजिन वर; झोका ओसरला की दोन्ही खाली. गच्चीवर ऐकू येतो तो हा जमाखर्च.

यात पायलटला शांत बसवत नाही ते वेगळंच. जेट इंजिनाला आयडलवरून पूर्ण जोर धरायला काही सेकंद लागतात. प्रमाणीकरणाचे नियम ८ सेकंदांनंतर मिळणारा जोर धरून विमानाची चढण्याची क्षमता मोजतात. तीन अंशांच्या उतरणीवर ८ सेकंदांत साधारण ९० ते १०० फूट उंची जाते. म्हणून अंतिम टप्प्यात इंजिन आयडलवर रेंगाळलेलं चालत नाही. ढगात १००० फुटांपर्यंत आणि स्वच्छ हवेत ५०० फुटांपर्यंत वेग, फ्लॅप, उतरण सगळं बसलेलं हवं आणि इंजिन आयडलच्या वर चालतं हवं. नसेल तर गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून परत वर जायचं. ए-३२० वर लक्ष्यापेक्षा वेग ५ नॉटांनी कमी किंवा १० नॉटांनी जास्त झाला की दुसरा पायलट ‘स्पीड’ म्हणून हाक देतो. पण चांगला पायलट हाकेची वाट बघत नाही. वेगाच्या पट्टीवर एक पिवळा बाण असतो. पुढच्या १० सेकंदांत वेग कुठे जाईल ते तो दाखवतो. बाण खालच्या मर्यादेकडे झुकला आणि इंजिन अजून झोपलेलंच असेल, तर हात पुढे जायला हवा. हा ‘हात का’ या प्रश्नाचा पहिला भाग.

ए-३२० वर त्या हाताचे परिणाम उंचीनुसार बदलतात. १०० फुटांच्या वर लिव्हर क्लाइम्बच्या पुढे ढकलले, तर थ्रस्ट तेवढ्यापुरता हाताच्या ताब्यात येतो आणि लिव्हर परत खाचेत आणले की ऑटोथ्रस्ट पुन्हा कामाला लागते. १०० फुटांच्या खाली तसं केलं तर ती बंदच होते. लिव्हर मागे आणले म्हणून परत येत नाही.

बिघडतं कुठे? बहुतेक वेळा यंत्र मोडत नाही. वेग इंजिन सांभाळतंय असं पायलटला वाटत असतं आणि प्रत्यक्षात कोणीच सांभाळत नसतं.

भारतातलं उदाहरण मुंबईशी जोडलेलं आहे. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून बंगळूरला गेलेलं इंडियन एअरलाइन्सचं ६०५ हे ए-३२० विमान धावपट्टीच्या अलीकडे कोसळलं. १४६ पैकी ९२ जण गेले. अंतिम टप्प्यात विमान ‘ओपन डिसेंट’ मोडमध्ये होतं. त्या मोडमध्ये इंजिन आयडलवर आणि वेग नाकाच्या हवाली असतो. नाक मात्र उतरणीची रेषा धरायला वर होत गेलं आणि वेग घटत गेला. फ्लाइट डायरेक्टर (नाक कुठे ठेवायचं ते पडद्यावर दाखवणारी यंत्रणा) बंद केले की ऑटोथ्रस्ट ‘स्पीड’ मोडमध्ये येते, पण त्यासाठी दोन्ही बाजूंचे बंद व्हावे लागतात. एका बाजूचा चालू राहिला होता, म्हणून आयडलही राहिलं. शेवटी जोर मागितला तेव्हा इंजिनांना फुलायला लागणारा वेळ उंचीत मावत नव्हता. ‘दोन्ही फ्लाइट डायरेक्टर बंद’ ही जोडीने द्यायची आज्ञा आज ए-३२० च्या प्रशिक्षणात इतकी घोटून का घेतात, ते यावरून कळेल.

दुसरं उदाहरण ६ जुलै २०१३ चं, सॅन फ्रान्सिस्कोचं, एशियाना २१४. बोइंग ७७७ मध्ये ‘फ्लाइट लेव्हल चेंज’ (ठरवून दिलेल्या उंचीकडे नेणारा) मोड निवडला, विमान वर चढू लागलं, म्हणून पायलटने ऑटोपायलट सोडून लिव्हर हाताने आयडलला खेचले. ऑटोथ्रॉटल ‘होल्ड’ मध्ये गेली. होल्ड म्हणजे मोटरी सोडून दिलेल्या; पायलट हलवेल तिथे लिव्हर राहणार. इतर वेळी वेग घसरला तर ७७७ ची ऑटोथ्रॉटल स्वतःहून जागी होते, पण होल्डमध्ये होत नाही. लक्ष्यवेग १३७ नॉट होता, तो साधारण १०३ पर्यंत उतरला. तिघांचा जीव गेला.

तिसरं २५ फेब्रुवारी २००९ चं, ॲमस्टरडॅमचं, टर्किश १९५१, बोइंग ७३७-८००. जमिनीपासूनची उंची मोजणारा डावा रेडिओ अल्टिमीटर उणे ८ फूट दाखवू लागला. जमिनीलगत सुमारे २७ फुटांवर लिव्हर आयडलला नेण्याचं काम ७३७ ची ऑटोथ्रॉटल करते. तिला वाटलं, उतरलोच. जवळपास दोन हजार फुटांवर तिने इंजिनं आयडलला नेली. विमान उतरणीची रेषा वरून पकडत होतं, त्यामुळे आयडल सगळ्यांना साहजिक वाटलं. चूक लपली ती इथे. स्टिक शेकर (वेग धोकादायक कमी झाल्याचा इशारा) वाजल्यावर लिव्हर पुढे ढकलले गेले, पण ऑटोथ्रॉटल तोडलेली, म्हणजे बंद केलेली, नव्हती. हात निघताच तिने ते परत मागे आणले. ९ जण गेले. म्हणून नुसतं ढकलणं पुरत नाही. यंत्रणेशी भांडायचं असेल तर आधी ती तोडायची, मग ढकलायचं, आणि हात तिथेच ठेवायचा.

तोडायची कशी, यातही एक खोच आहे. एअरबस आणि बोइंग दोन्हींत लिव्हरवर अंगठ्याजवळ एक बटण असतं. बोइंगमध्ये लिव्हर आधीच खऱ्या जागी असतो, म्हणून दाबलं की जसं आहे तसं तुमच्या हातात येतं. एअरबसमध्ये लिव्हर क्लाइम्बच्या खाचेत आणि इंजिन, समजा, ५० टक्के एन-वन (इंजिनाच्या पुढच्या पंख्याचा फिरण्याचा वेग) वर. तसंच बटण दाबलं तर इंजिन लिव्हरचं ऐकतं आणि थेट क्लाइम्ब थ्रस्टकडे धावतं. अंतिम टप्प्यात हे फार वाईट. म्हणून आधी लिव्हर मागे आणायचे. इंजिनाच्या मापकावर लिव्हरची जागा दाखवणारं छोटं वर्तुळ काट्यावर येऊन बसलं की मगच बटण. ते बटण १५ सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरलं तर उरलेल्या पूर्ण उड्डाणासाठी ऑटोथ्रस्ट जाते, आणि तिच्याबरोबर अल्फा फ्लोअरही. हे संरक्षण फार कमी वेगात, लिव्हर कुठेही असले तरी, इंजिनांना आपोआप पूर्ण जोर देतं. मात्र उतरताना १०० फुटांच्या खाली ते मिळत नाही. अल्फा फ्लोअर एकदा लागला की थ्रस्ट टोगावर कुलूपबंद होतो. तो सोडवायलाही ऑटोथ्रस्ट तोडावीच लागते.

बटणाऐवजी समोरच्या पॅनलवरची कळ दाबून ती बंद केली, किंवा ती आपणहून बंद पडली, तर ए-३२० मध्ये ‘थ्रस्ट लॉक’ येतो. इंजिन त्या क्षणी होतं तिथेच गोठतं आणि लिव्हर हलवेपर्यंत गोठलेलंच राहतं. हवा शांत असेल तर काही मिनिटं कोणाला कळणारही नाही, इतकं ते बेमालूम असतं. म्हणूनच पट्टीवर अक्षरं लुकलुकतात आणि घंटी वाजते. उपाय सोपा: लिव्हर खाचेतून काढा, काट्याशी जुळवा.

जमिनीलगत ए-३२० २० फुटांवर ‘रिटार्ड’ असं ओरडतं. ऑटोलँड (यंत्रणेने आपोआप उतरणं) असेल तर १० फुटांवर. ७३७ लिव्हर स्वतः मागे आणते, ए-३२० नाही. ती हाक पायलटला आठवण म्हणून असते. लिव्हर खाचेतच राहिले तर ऑटोथ्रस्ट इमानदारीने वेग टिकवत बसते आणि विमान धावपट्टीवर तरंगत राहतं. एकच लिव्हर राहिला तर त्याहून भयंकर. १७ जुलै २००७ रोजी साओ पाउलोत टॅम या ब्राझीलच्या कंपनीचं ए-३२० ओल्या, आखूड धावपट्टीवर उतरलं तेव्हा डावा लिव्हर मागे आला आणि उजवा क्लाइम्बमध्येच राहिला. त्या बाजूचा रिव्हर्सर आधीच निकामी करून ठेवलेला होता. एक लिव्हर पुढे म्हणून ग्राउंड स्पॉइलर (विमान थांबवायला मदत करणाऱ्या, पंखांवर उघडणाऱ्या फळ्या) उघडले नाहीत. १९९ जणांचा मृत्यू झाला. रिव्हर्सर एक असो की दोन, लिव्हर मात्र दोन्ही एकत्र मागे आणायचे, अशी पद्धत आहे ती यासाठी.

गो-अराउंडला दोन्ही घराण्यांचे सापळे वेगवेगळे. एअरबसमध्ये लिव्हर टोगाच्या शेवटच्या खाचेपर्यंत गेलेच पाहिजेत. अलीकडच्या खाचेत थांबले तर जोर मिळतो, पण गो-अराउंडचा मोड लागत नाही आणि ऑटोपायलट विमानाला धावपट्टीकडेच नेत राहतो. बोइंगमध्ये टोगाची कळ दाबायची आणि मोटरी लिव्हर पुढे नेतात. पण चाकं टेकल्यावर ती कळ काम करत नाही. ३ ऑगस्ट २०१६ रोजी तिरुवनंतपुरमहून दुबईला गेलेल्या एमिरेट्स ५२१ मध्ये नेमकं हेच झालं. चाकं टेकली, परत वर जायचं ठरलं, कळ दाबली, नाक वर, चाकं आत, लिव्हर आयडलवरच. विमान पुन्हा धावपट्टीवर आपटलं. आतले ३०० जण बाहेर पडले, एक अग्निशामक कर्मचारी गेला. कळ दाबल्यावर हात लिव्हरसोबत पुढे गेला पाहिजे. तो गेला नाही तर लिव्हर हललेले नाहीत. ‘हात का’ याचा दुसरा भाग हा.

मोठ्या ढगांच्या धक्क्यांत, इंजिनं फारच वर-खाली होऊ लागली तर ऑटोथ्रस्ट बंद करून तक्त्यातला एन-वन लावतात आणि वेग थोडा हलू देतात. ए-३२० चा धक्क्यांतला वेग वीस हजार फुटांच्या खाली २५० नॉट, वर २७५ नॉट किंवा माक ०.७६. वेगमापकच खोटं बोलू लागला तर ऑटोथ्रस्ट आधी तोडायची, कारण ती त्या खोट्या वेगावर विश्वास ठेवून इंजिन हलवणार. मग पाठ असलेले आकडे: ए-३२० वर थ्रस्ट-कपातीच्या उंचीखाली (उड्डाणानंतर जिथे लिव्हर क्लाइम्बवर आणतात तिच्याखाली) नाक १५ अंश आणि टोगा, त्यावर दहा हजार फुटांपर्यंत १० अंश आणि क्लाइम्ब, त्याहून वर ५ अंश आणि क्लाइम्ब.

सराव म्हणून ती बंद ठेवावी का? माझं मत: मुंबईच्या संध्याकाळी, पुढे-मागे विमानं आणि कंट्रोलर नेमका वेग मागतोय, तेव्हा चालू ठेवावी. पहाटे, स्वच्छ हवेत, गर्दी नसताना कंपनीची परवानगी असेल तर बंद करावी, कारण सवय मोडलेला हात लिव्हरवर नुसता ठेवून उपयोग नाही. ७३७ वर ऑटोपायलट सोडला की ऑटोथ्रॉटलही सोडायची अशीच पद्धत आहे. पंखांखालची इंजिनं जोर वाढताच नाक वर उचलतात, पायलट ते खाली दाबतो, वेग बदलतो, मोटर पुन्हा लिव्हर हलवते, आणि दोघांचा पाठशिवणीचा खेळ सुरू होतो.

आता जुहूची बाजू, म्हणजे टेक-ऑफ, कारण तिथलं उत्तर उलटं आहे. ए-३२० च्या टेक-ऑफला लिव्हर आधी सुमारे ५० टक्के एन-वनपर्यंत नेऊन दोन्ही इंजिनं समान स्थिरावू देतात. एक आधी फुललं तर विमान बाजूला ओढलं जातं. मग फ्लेक्स किंवा टोगा. फ्लेक्स म्हणजे संगणकाला बाहेरचं तापमान खऱ्यापेक्षा जास्त सांगून मुद्दाम कमी जोर घेणं, साधारण २५ टक्क्यांपर्यंत कपात. इंजिनाचं आयुष्य वाढतं. यावेळी ऑटोथ्रस्ट फक्त सज्ज असते, निळ्या अक्षरांत. जोर पूर्णपणे लिव्हरचा. ७३७ मध्ये यंत्रणा लिव्हर पुढे नेते, पण ८४ नॉटांवर मोटरींची वीजच काढून घेते, कारण त्यापुढे बिघाड होऊन लिव्हर मागे खेचले जाणं परवडणारं नाही. कॅप्टनचा हात लिव्हरवर असतो तो टेक-ऑफ रद्द करावा लागला तर. व्ही-वन हा निर्णयाचा वेग आला की हात मुद्दाम काढून घेतला जातो, सवयीने किंवा दचकून ते मागे खेचले जाऊ नयेत म्हणून. मग साधारण १५०० फुटांवर, विमान समुद्रावर पोचता पोचता, पट्टीवर ‘लिव्हर क्लाइम्ब’ लुकलुकतं, हात परत येतो, दोन्ही लिव्हर एक खटका मागे क्लाइम्बच्या खाचेत, आणि निळी अक्षरं पांढरी होतात. किनाऱ्यावर त्याच सुमारास आवाज एकदम उतरतो.